शू आणि बूट: इंग्रजीतली सीमा घोट्यावर, मराठीत मात्र नाही

प्रश्न असा आहे. एका कारखान्याच्या भांडार विभागात काम करणाऱ्या वाचकाने इंग्रजी सुरक्षा-सूचनांचं मराठी केलं. मूळ मजकुरात पॅकिंग आणि जुळणी विभागासाठी 'सेफ्टी शूज' होतं, तर पोलाद आम्लात बुडवून गंज काढतात त्या पिकलिंगच्या टाक्यांपाशी 'सेफ्टी बूट्स' होतं. शब्दकोशात दोन्ही शब्दांपुढे 'बूट' सापडलं, म्हणून दोन्हीकडे 'सेफ्टी बूट' लिहिलं गेलं. खरेदीची मागणीही त्याच मजकुरावरून गेली आणि आलेल्या साठच्या साठ जोड्या घोट्याखालच्या निघाल्या. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: हा नुसता शब्दाचा कीस आहे की वस्तू खरंच दोन आहेत, मराठीत काय लिहायचं, आणि आलेल्या जोड्यांचं काय करायचं.

वस्तू दोन आहेत. पुरवठादारानेही तुम्हाला फसवलेलं नाही. मराठी 'बूट' वाचून त्याने मराठी बूट पाठवले. इंग्रजी 'बूट' मराठीत आला तेव्हा त्याचा उच्चार तसाच राहिला, पण त्याची उंची वाटेत गळून पडली. इंग्रजीत बूट म्हणजे निदान घोटा झाकणारं पादत्राण. मराठीत बूट म्हणजे पाय सगळीकडून बंद करणारं, चपलेसारखं उघडं नसलेलं पादत्राण, मग ते घोट्याच्या खाली का संपेना. शाळेच्या गणवेशातले काळे बूट, लग्नात लपवतात ते नवरदेवाचे बूट, ऑफिसात घालायचे नाडीचे बूट, हे सगळे इंग्रजीत 'शूज' आहेत. त्यामुळे इंग्रजी 'बूट'पुढे मराठी 'बूट' लिहिलं की भाषांतर झाल्यासारखं दिसतं, पण अर्थातला नेमका कामाचा भाग निसटतो.

ही सीमा घोट्यावरच का, हे पादत्राण कसं बनतं ते पाहिलं की कळतं. घोट्याची दोन हाडं दोन बाजूंना पुढे आलेली असतात, आणि बाहेरच्या बाजूचं हाड आतल्यापेक्षा खाली असतं. शूचा साचा कापताना वरचा काठ या हाडाखालून न्यावा लागतो, म्हणून चांगल्या शूचा बाहेरचा काठ आतल्या काठापेक्षा किंचित खोल कापलेला असतो. मागे टाचेपाशी हा काठ पुरुषांच्या साधारण मापात सहा सेंटीमीटरच्या आसपास येतो. तो थोडा जरी वर गेला तरी चालताना दर पावलाला हाडावर घासतो आणि दोन दिवसांत फोड येतो. मराठीत 'बूट चावतो' म्हणतात, त्यातला बराचसा चावा इथला असतो. उरलेला टाचेचा आणि करंगळीचा.

म्हणजे काठ एक तर घोट्याच्या स्पष्ट खाली हवा, नाही तर त्याच्या पुरेसा वर. मधली जागा अवघड. तिथे काठ ठेवायचाच असेल तर आतून जाड मऊ अस्तर, म्हणजे कॉलर, द्यावी लागते. एकदा काठ घोट्याच्या वर गेला की बाकीची रचनाही बदलते. शू पायावर टिकतो तो टाचेला धरून. म्हणून त्याचा लास्ट, म्हणजे ज्यावर चामडं ताणून आकार देतात तो फरमा, मागून जास्त वळलेला आणि वर निमुळता असतो. बूट नडगीच्या खालच्या भागाला धरून बसतो, म्हणून त्याचा फरमा मागून सरळ आणि वर रुंद. शूच्या फरम्यावर नुसतं उंच चामडं चढवून बूट केला तर तो पायात जातच नाही, किंवा गेला तर पोटरीच्या मुळाशी आवळतो. स्वस्त मालात हे अनेकदा दिसतं.

बूट घालताना पाय वाकलेल्या अवस्थेत नळीतून आत सरकतो. त्या क्षणी टाचेपासून पायाच्या पाठीवरच्या उंचवट्यापर्यंतचा तिरका घेर जायला जागा लागते. शूमध्ये हा प्रश्न येत नाही, कारण नाडी सोडली की तोंड उघडतं. नाडी नसलेल्या गमबुटात तो हमखास येतो. ज्यांच्या पायाचा उंचवटा जास्त, त्यांना आपल्या नंबराचा गमबूट चढत नाही, म्हणून ते एक नंबर मोठा घेतात. इंग्रजी मापात एक नंबर म्हणजे १/३ इंच, जवळजवळ साडेआठ मिलिमीटर लांबी. तेवढ्या सैल गमबुटात टाच दर पावलाला उचलली जाते आणि जिन्यावर पाय अडकतो. अशा माणसाला लांबी वाढवून देण्याऐवजी रुंद नळीचा किंवा बाजूला उघडणारा प्रकार द्यावा.

आता अपवाद, कारण ते माहीत नसले की वरचा नियम खोटा वाटतो. ब्रिटिश इंग्रजीत फुटबॉलच्या खिळेवाल्या जोड्यांना 'फुटबॉल बूट्स' म्हणतात आणि आज त्यातले बहुतेक घोट्याच्या खाली संपतात. पूर्वी ते खरोखर घोटा झाकणारे, जाड चामड्याचे, कडक टोकाचे असत. वस्तू उतरली, नाव वरच राहिलं. अमेरिकेत त्यांनाच 'क्लीट्स' म्हणतात. उलट बास्केटबॉलचे 'हाय-टॉप' घोटा पूर्ण झाकतात, तरी कोणी त्यांना बूट म्हणत नाही. ते मऊ आणि खेळाचे आहेत, म्हणून शूज. यावरून दिसतं की रोजच्या बोलण्यात उंचीच्या जोडीला एक दुसरा निकषही आहे: राकटपणा. चिखल, थंडी, घोडा, कारखाना, युद्ध यांसाठीचं ते बूट, आणि चालणं, धावणं, मिरवणं यांसाठीचं ते शू. दोन निकष एकमेकांशी भांडले की इंग्रजी बोलणाऱ्यांतही गोंधळ होतो. 'चक्का' नावाचा दोन-तीन जोडी भोकांचा प्रकार नेमका घोट्यावर संपतो. त्याला काही दुकानदार बूट म्हणतात, काही शू. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

आपल्याकडेही असं एक उदाहरण आहे. सह्याद्रीत भटकणारे अनेक जण ज्यांना 'हंटर शूज' म्हणतात, ते कॅनव्हासचे, रबरी तळाचे, घोट्याच्या वर बांधायचे जोडे इंग्रजी कॅटलॉगात 'जंगल बूट' म्हणून सापडतील.

मराठीने मात्र 'बूट' आणि 'शूज' यांच्यात स्वतःची वेगळी वाटणी करून घेतली आहे, आणि ती उंचीवर नाही. चामड्याचे, पॉलिश करायचे, गणवेशाचे किंवा औपचारिक ते बूट. धावायचे, कॅनव्हासचे, नव्या धाटणीचे ते शूज. 'स्पोर्ट्स शूज' सगळे म्हणतात, 'स्पोर्ट्स बूट' क्वचित कोणी. 'बूटपॉलिश' म्हणतात, 'शूज पॉलिश' नाही. वरून 'शूज' हे इंग्रजीत अनेकवचन असलं तरी मराठीत ते एकवचनही झालं आहे: 'माझा एक शूज सापडत नाही'. इंग्रजी शिकवणारे याला चूक म्हणतात, पण त्यामागे साधं कारण असावं. मराठीत 'शू' हा लहान मुलांच्या लघवीचा शब्द आहे, त्यामुळे 'माझा शू कुठे आहे' असं कोणीच म्हणणार नाही. म्हणून सूचनाफलकावर 'सेफ्टी शू' असं एकवचन लिहू नका. 'सेफ्टी शूज'च लिहा.

उसना शब्द इकडे येताना वस्तू बदलून येतो, हे पहिल्यांदा घडलेलं नाही. पोर्तुगीज 'सापातु' म्हणजे सरळ शू. त्यावरून आलेल्या मराठी 'सपाता' म्हणजे पायात नुसत्या सरकवायच्या हलक्या जोड्या. पोर्तुगीज शूची मराठीत टाच गेली, इंग्रजी बुटाची नळी गेली.

एका शब्दात मात्र मराठीने उंची सांभाळली आहे, आणि तुमच्या कामाला तोच उपयोगी पडणार आहे: गमबूट. गमबूट म्हटल्यावर मुंबईच्या पावसात गटार साफ करणारा कामगार किंवा भातखाचरात उतरणारा शेतकरी, कोणीही तो पोटरीपर्यंतचा, रबराचा किंवा पीव्हीसीचा, पाणी आत न येणारा समजतो. ब्रिटनमध्ये यालाच 'वेलिंग्टन' म्हणतात. हे नाव ज्या आर्थर वेलस्लीवरून पडलं, त्याने ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला मराठ्यांशी लढाई केली. पुढे तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्या काळच्या गोंडेवाल्या हेसियन बुटाचा साधा, विजारीखाली मावणारा प्रकार त्याने लंडनच्या होबी नावाच्या चर्मकाराकडून करवून घेतला. तो वासराच्या चामड्याचा होता. रबर टिकाऊ करण्याची प्रक्रिया चार्ल्स गुडइयरच्या १८४४ च्या पेटंटनंतर पसरली, आणि १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये हायरम हचिन्सनने आणि स्कॉटलंडमध्ये नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनीने रबरी बूट बनवायला घेतले. तेव्हापासून वेलिंग्टन म्हणजे रबरी हे ठरून गेलं. इथे एक सापळाही आहे: 'गमशू' हा शब्द दिसला तर तो गमबुटाचा धाकटा भाऊ समजू नका. अमेरिकन इंग्रजीत त्याचा अर्थ गुप्तहेर, कारण रबरी तळाच्या जोड्यांनी आवाज न करता चालता येतं.

तसाच 'बूटी' किंवा 'बूटीज' हा शब्द. बाळाच्या संदर्भात ते लोकरी पायमोजे आहेत. आणि गाडीचा 'बूट' म्हणजे डिकी. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी घाईत चुकतं.

आता कारखान्याच्या भाषेकडे. व्यवहारात दोन ठिकाणी हा वाद मिलिमीटरमध्ये किंवा काटेकोर शब्दांत मिटवलेला आहे, आणि तुम्ही तिथूनच मराठी उचलावी असं माझं ठाम मत आहे. पहिलं ठिकाण आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क वर्गीकरणाचं ६४ वं प्रकरण, पादत्राणांचं. शुल्क ठरवणाऱ्या पोटविभागांत तिथे शू की बूट असा वाद ठेवलेलाच नाही. 'घोटा झाकणारे' आणि 'इतर' अशी वाटणी आहे, आणि जलरोधक प्रकारांत 'घोटा झाकणारे पण गुडघा न झाकणारे' असा वेगळा पोटविभाग आहे. पैशाचा प्रश्न आला तिथे नावावर विसंबणं सोडून अवयवाचं नाव घेतलं आहे. भाषांतर करताना मला याहून चांगला धडा माहीत नाही.

दुसरं ठिकाण आयएसओ २०३४५ हे सुरक्षा पादत्राणांचं मानक. भारतात आयएस १५२९८ चा दुसरा भाग त्याच धर्तीवर आहे. त्यात पाच रचना दिल्या आहेत: ए म्हणजे घोट्याखालचा शू, बी म्हणजे घोट्यावरचा बूट, सी अर्ध्या पोटरीचा, डी गुडघ्याच्या उंचीचा, ई मांडीपर्यंतचा. सीमा मापानुसार बदलते. २०११ च्या आवृत्तीप्रमाणे फ्रेंच नंबर ४१-४२ ला, म्हणजे आपल्याकडच्या साधारण ७-८ नंबरला, वरच्या भागाची उंची ११३ मिमीपेक्षा कमी असेल तर ए, ११३ किंवा जास्त असेल तर बी, १७८ पासून सी आणि २८० पासून डी. नंबर ३९-४० ला हेच आकडे १०९, १७२ आणि २७० होतात, ४३-४४ ला ११७, १८५ आणि २९०.

मोजण्यात एक चूक सारखी होते. लोक जमिनीपासून पट्टी लावतात. मग तळाची आणि टाचेची दोन-चार सेंटीमीटर जाडी उंचीत मिसळते आणि घोट्याखालचा शू कागदावर बूट होतो. उंची आतल्या तळाच्या सर्वांत खालच्या बिंदूपासून वरच्या काठाच्या सर्वांत उंच बिंदूपर्यंत, उभी मोजायची. हात आत घालून पट्टी तळाला टेकवा.

याहून महाग पडणारी चूक म्हणजे 'एस-३' वर विसंबणं. पुरवठादार एस-१, एस-२, एस-३ असे दर्जे सांगतात. हे दर्जे संरक्षणाचे आहेत: टोकाची टोपी २०० ज्यूलचा आघात आणि १५ किलोन्यूटनचा दाब सोसते, याखेरीज अंगावर साचणाऱ्या स्थितिक विजेचा निचरा होतो का, वरचा भाग पाण्याला किती वेळ अडवतो, तळातून खिळा शिरतो का. यात उंची कुठेच नाही. एस-३ शूही असतो आणि एस-३ बूटही. संपूर्ण रबराचे किंवा पीव्हीसीचे गमबूट एस-४ आणि एस-५ मध्ये येतात. म्हणून मागणीपत्रात दर्जा आणि रचना, दोन्ही अक्षरं लागतात.

थोडक्यात आतापर्यंतचं: इंग्रजी बुटाची खूण घोटा, मराठी बुटाची खूण बंद पाय, आणि दर्जाच्या आकड्यात उंची नसते.

पिकलिंगच्या टाकीपाशी हा फरक किती महत्त्वाचा आहे ते पाहा. घोट्याखालच्या शूचं तोंड वर उघडं असतं. आम्लाचा शिंतोडा मोज्यावर पडला की मोजा तो शोषून त्वचेला चिकटवून ठेवतो, आणि नाडी सोडून शू काढेपर्यंत वेळ जातो. चामडंही तिथे कामाचं नाही. शिवण नायलॉनच्या दोऱ्याची असेल तर खनिज आम्लात ती कमजोर होते आणि एके दिवशी अंगठ्यापाशी उसवते. तिथे अखंड साच्यातला गमबूट हवा, रचना डी, आणि तुमच्या टाकीत जे आम्ल ज्या तीव्रतेचं आहे त्याला तो टिकतो असं उत्पादकाने लेखी दिलेला. रबर घ्यायचं की पीव्हीसी की नायट्राइल, हे आम्ल आणि तापमान यांवर ठरतं. टाकी न पाहता ते सांगणं बरोबर नाही. विजार गमबुटाच्या आत खोचायची नाही, बाहेर ठेवायची. आत खोचली की वरून ओघळलेलं द्रव थेट बुटात उतरतं. शेतात उलट करतात, कारण तिथे पाणी आणि चिखल खालून येतात.

पॅकिंगला घोट्याखालचे शूज योग्यच आहेत. हलके असतात, उन्हाळ्यात पाय कमी उबतो, वाकून बसता येतं. सगळीकडे उंच बूट देणं म्हणजे जास्त सुरक्षा असं काही जण मानतात. ते मला पटत नाही. गरम होणारे बूट माणसं नाड्या सोडून घालतात, आणि नाडी सुटलेला बूट हाच पडण्याचा धोका असतो.

मग मराठी काय लिहायचं? माझा सल्ला: 'बूट' शब्द एकटा कधी सोडू नका, त्याला अवयव जोडा. पॅकिंग आणि जुळणीच्या फलकावर 'घोट्याखालचे सेफ्टी शूज घालावेत'. सर्वसाधारण यंत्रशाळेत उंच हवे असतील तर 'घोटा झाकणारे सेफ्टी बूट'. पिकलिंगला 'गुडघ्याखालपर्यंत येणारे, आम्लरोधक गमबूट; विजार बुटाच्या बाहेर ठेवावी'. 'पादत्राणे' हा शब्द शासकीय मजकुरात शोभतो, पण फलकावर नको, कारण त्यात चप्पलही येते. मागणीपत्रात याच्या पुढे रचनेचं अक्षर, दर्जा, प्रत्येक नंबराच्या किती जोड्या, आणि ७-८ नंबरला किमान उंची किती मिमी, हे लिहा. चित्र जोडलंत तर उत्तम. माल आल्यावर भांडारात प्रत्येक नंबराची एक जोडी उघडून आतून पट्टी लावा आणि मगच पावतीवर सही करा.

राहिल्या त्या साठ जोड्या. आधी तळावरचं किंवा जिभेवरचं मानकाचं चिन्ह आणि दर्जा पाहा. ते ठीक असेल तर पॅकिंग, जुळणी आणि कोरड्या भांडारासाठी त्या बिनदिक्कत वापरा. तिथे तुम्हाला त्याच हव्या होत्या. वेल्डिंगला त्या द्यायच्या असतील तर घोट्यावरून पायाच्या पाठीपर्यंत येणारे चामडी लेगगार्ड बांधायला हवेत, कारण उडालेला तप्त थेंब शूच्या तोंडात पडला तर तो झटकता येत नाही. पिकलिंगला मात्र लेगगार्ड लावूनही त्या चालणार नाहीत. लेगगार्ड ठिणगी अडवतो, द्रव अडवत नाही. तिथल्या कामगारांची मापं आजच घ्या, पायाचा उंचवटा जास्त असलेल्यांची वेगळी नोंद करा, आणि गमबूट येईपर्यंत त्या शूजवर कोणालाही टाकीपाशी उभं करू नका.